नव्वद दिवसांची पाहुणी

घेंट, १२ फेब्रुवारी २०२४

प्रिय थेल्मा,

नाताळात पाठवलेलं तुझं पार्सल काही आलं नाही. त्याऐवजी सरकारी पत्रक आलं: आतले मांसाचे पदार्थ नियमाप्रमाणे नष्ट केले आहेत. म्हणजे तुझी सॉसेजं कुणीतरी जाळली, आणि मला वासही मिळाला नाही.

तुला किती वेळा सांगितलं, तिकडून मांस, दूध, चीज काही काही पाठवायचं नाही म्हणून? तुम्ही मतं देऊन युरोपातून बाहेर पडलात, आता भोगा. (मला त्यात धरू नकोस. मी बेल्जियन झाले त्याला तीस वर्षं होतील.) तुमच्या इंग्लंडमधल्या हलचं डुक्कर आता परदेशी झालंय आणि त्याला मेल्यावरसुद्धा इथे प्रवेश नाही. तुला निदान व्हिसाशिवाय येता येतं, त्यातच समाधान मान.

आता मुद्द्याचं. माझा खुबा गेला. डॉक्टर म्हणतात बदलायलाच हवा, २८ मेची तारीख दिलीय. मी एकोणसत्तर वर्षांची, एकटी, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. संडासात जाऊन परत येणं ही माझी सध्याची मोठी सहल आहे. तू मेच्या सुरुवातीला ये आणि दोन महिने राहा. मी इथे कोणाला बोलावू? शेजारीण गॉडेलीव्ह भांडी घासते ती माझी आहेत की तिची हेच तिला कळत नाही.

तुम्हा लोकांना कुठल्याही एकशेऐंशी दिवसांत नव्वद दिवस राहता येतं. तू सप्टेंबरात आली होतीस ते दिवस तोवर गळून गेलेले असतील, म्हणजे पूर्ण नव्वद शिल्लक. परतीचं तिकीट, विमा आणि माझं निमंत्रण जवळ ठेव. बंदरावर विचारतात.

आणखी एक. गॉडेलीव्ह मागच्या रविवारी ऑस्टेंडला गेली होती, तिला माझा माजी नवरा दिसला. समुद्रावर फिरत होता, शेजारी हिरव्या टोपीतली एक जाडी बाई. हसत होता म्हणे! फिरमिन! माझ्यासोबत एकवीस वर्षं राहिला, त्यात तो कबुतरं परत आली तेव्हाच काय तो हसला असेल. त्या बिचारीची मला कीव येते.

लवकर उत्तर दे. फोन तू उचलत नाहीस, आणि पत्राला तुझ्याकडून पंधरा-पंधरा दिवस लागतात. कुठे असतेस तरी कुठे?

तुझी,
जॉयस

*

हल, ३ मार्च २०२४

प्रिय जॉयस,

पत्र उशिरा मिळालं. टपालखात्याचं काय चाललंय देव जाणे. फोनचं म्हणशील तर माझा उजवा कान पूर्ण गेलाय आणि डाव्याला तुझा आवाज सोसत नाही.

येणार. यायचं नाही असं होईल का? तुला लहानपणी गोवर झाला तेव्हा मी तुझ्या उशाशी बसले होते, आणि तू माझ्या अंगावर ओकली होतीस. खुबा त्यापेक्षा बरा.

सॉसेजं आणणार नाही. तुझ्या सरकारला माझा नमस्कार सांग. पन्नास वर्षं मी त्या जहाजातून पिशव्या भरभरून नेल्या, कुणी कधी आत डोकावलं नाही. आता म्हणे सँडविचसुद्धा बोटीवरच संपवून उतरायचं. बाबा असते तर म्हणाले असते, मासे पकडायला उत्तर ध्रुवापर्यंत गेलो तेव्हा कुणी कागद विचारला नाही.

एक विचारू? त्या बाईला गॉडेलीव्ह जाडी कशावरून म्हणाली? हिवाळ्यात आत दोन स्वेटर घातले की कोणीही जाडंच दिसतं. आणि तुला तिची कीव कशाला यायला हवी? माणसं सुधारतात. फिरमिन गप्प असायचा, पण तू त्याला बोलायला जागा कधी ठेवलीस? रागावू नकोस, सहज आपलं मनात आलं म्हणून लिहिलं.

इथे वारा भयंकर आहे. खिडकीपाशी सीगल पक्षी ओरडून कान किटवतात. (डावा.)

तुझी,
थेल्मा

*

घेंट, १६ एप्रिल २०२४

प्रिय थेल्मा,

निमंत्रणाचा कागद सोबत पाठवते. घडी नीट घाल. बंदरावर जाशील तेव्हा गंमत करू नकोस. मागे तू त्या माणसाला म्हणाली होतीस, "पिशवीत बॉम्ब नाही, फक्त माझी कवळी आहे." तेव्हा तो हसला. आता हसत नाहीत.

विचारलंच तर एवढंच सांगायचं: बहिणीचं ऑपरेशन आहे, सेवेला आले. तुझ्यासारखी म्हातारी बघून दोन मिनिटांत सोडतील.

आणि फिरमिनची वकिली करू नकोस. एका माणसासोबत एकवीस वर्षं जेवायला बसून बघ, ज्याला "मीठ दे" म्हणायचाही कंटाळा येतो. हात लांब करून स्वतःच घ्यायचा. मग बोल.

गुरुवारी, ९ मेला, स्टेशनवर गॉडेलीव्हला पाठवते. तिनं तुला कधी पाहिलेलं नाही; तिच्या हातात तुझ्या नावाची पाटी असेल, नाहीतर ती दुसऱ्याच बाईला घेऊन येईल.

जॉयस

*

हल, ११ मे २०२४

प्रिय जॉयस,

तुला कळलंच असेल की मी पोचले नाही. 

सकाळी बोट रॉटरडॅमला लागली. मी माझी बॅग ओढत रांगेत उभी. काचेमागे एक पोरगा, गुळगुळीत हनुवटीचा. "किती दिवस राहणार, बाई?" मी म्हटलं, "दोन महिने, बहिणीचं ऑपरेशन आहे." तुझं निमंत्रण दिलं. सगळं तू सांगितलंस तसंच.

मग त्यानं बॅग उघडायला लावली. आणि जॉयस, काय सांगू, माझ्याकडून चूक झाली. बॅगेत तळाशी सॉसेजं होती. मला वाटलं, मोज्यांत गुंडाळून नेली तर काय कळणार! तुला किती आवडतात! तर त्याला ती सापडली, आणि त्यांनी मला सरळ परत पाठवलं. सॉसेजांसाठी! एका म्हाताऱ्या विधवेला! दिवसभर मला एका खोलीत बसवलं, तिथे निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक बंद पडलेलं कॉफीचं मशीन. संध्याकाळच्या बोटीनं परत. बोटीवर सगळे वेटर माझ्याकडे मी अफू आणत होते अशा नजरेनं बघत होते.

आता जुलैपर्यंत येता येणार नाही म्हणतात. मांसाबाबत आता फार कडक झालेत.

तुझं काय होणार या काळजीनं मला झोप नाही.

तुझी अभागी बहीण,
थेल्मा

*

घेंट, १८ मे २०२४

थेल्माताई,

ताई म्हटलं, कारण असल्या पराक्रमी बाईला नुसत्या नावानं हाक मारणं शोभत नाही.

मी मुद्दाम फोन केला नाही. म्हटलं, बघू या बया काय लिहिते. तू सॉसेजं लिहिलीस. मोज्यांसकट! तुझी कल्पनाशक्ती बाबांवर गेली. तेही शार्कच्या तोंडातून सुटून आल्याचं सांगायचे, आणि पायाला खरचटलेलं असायचं बिअरच्या बाटलीनं.

तुला ठाऊक नाही ते सांगते. त्या गुळगुळीत हनुवटीच्या पोरानं निमंत्रणावरचा नंबर फिरवून मला फोन केला होता. फार सभ्य मुलगा. म्हणाला, "बाई, तुमच्या बहिणीला तुमच्याकडे दोन महिने राहायचंय, पण त्यांचे चारच दिवस शिल्लक आहेत. या वर्षी त्या शहाऐंशी दिवस इथे राहून गेल्या."

मी म्हटलं, "तुमची काहीतरी गडबड होतेय. माझी बहीण सप्टेंबरानंतर आलीच नाही."

तो म्हणाला, "जानेवारीत आल्या, एप्रिलात गेल्या. शिक्के आहेत." मग म्हणाला, "तुम्हाला माहीत नव्हतं का?"

मी फोन हातात धरून बसले. तीन महिने! आणि मी इथे गॉडेलीव्हनं धुतलेल्या तेलकट ताटात जेवत होते. मग एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. पंधरा दिवस लागणारं टपाल. खिडकीपाशी ओरडणारे सीगल. आणि "जाडी कशावरून?"

मी गॉडेलीव्हला तुझा फोटो दाखवला. ती म्हणाली, "हो की, हीच ती. टोपी फार छान होती गं तिची."

माझ्या नवऱ्याबरोबर, थेल्मा? मी टाकून दिला म्हणून काय झालं? टाकलेली वस्तूसुद्धा उचलण्याआधी माणूस विचारतो. आणि मला लेक्चर देतेस, मी त्याला बोलायला जागा ठेवली नाही!

दहा दिवसांनी माझा पाय कापून आत लोखंड घालणार आहेत. तू नाहीस, याचं कारण तू आधीच येऊन गेलीस. अर्ध्या तासाच्या अंतरावर.

जॉयस

*

हल, २५ मे २०२४

जॉयस,

ठीक आहे. सॉसेजं नव्हती.

माफी मागायला हे पत्र नाही. माफी मागितली तर तू ती भिंतीवर लावून ठेवशील. मी नुसतं सांगते.

सप्टेंबरात तुझ्याकडून निघाले आणि बोट दुसऱ्या दिवशीची होती म्हणून समुद्र बघायला ऑस्टेंडला गेले. बाकावर फिरमिन बसला होता, कागदाच्या पुडीतून कोळंबी खात. मला बघून त्यानं सरकून जागा दिली आणि पुडी मध्ये ठेवली. आम्ही कोळंबी सोलत बसलो. संध्याकाळपर्यंत तो मोजकी चार वाक्यं बोलला, त्यातली दोन भरती-ओहोटीबद्दल.

तू म्हणशील, यात काय ते? तुला कळणार नाही. माझा स्टॅनली लग्नाची चाळीस वर्षं अखंड बोलत होता. रेडिओसारखा, फक्त बटण नसलेला. तो गेला तेव्हा मी रडले, पण पहिल्या रात्री घर शांत झालं आणि मला लाज वाटेल इतकं बरं वाटलं. तुला ज्या माणसाच्या गप्प राहण्याचा जीव घेण्याइतका राग यायचा, त्याच्या शेजारी बसून मला गाढ झोप लागते. आता याला मी काय करू?

जानेवारीत गेले ती आठ दिवसांसाठी. मग राहिले. तुझी पत्रं इथली शेजारीण मला ऑस्टेंडला पाठवायची. मी उत्तर लिहून तिला पाठवायचे, ती हलहून पेटीत टाकायची. त्यातलं प्रत्येक पत्र दोनदा समुद्र ओलांडून तुझ्याकडे आलं. रोज ठरवायचे की उद्या जॉयसला सांगायचं. आणि मग तुझं पत्र यायचं: त्या बिचारीची कीव येते.

नव्वद दिवसांचं मला माहीत होतं, म्हणून तर एप्रिलात परतले. फिरमिन म्हणाला, घरी जाऊन आलं की मीटर पुन्हा शून्यापासून सुरू होतं. खात्रीनं म्हणाला. त्याच्या कबुतरांना तसं असेल.

तुझ्यासाठी मेमध्ये खरंच येत होते. दोन महिने तुझ्याजवळच राहणार होते आणि तोंडावर सांगणार होते. त्या खोलीत बसून मी तुझ्यासाठीच रडले, त्याच्यासाठी नाही.

मला जुलैशिवाय कुणी आत घेणार नाही. पण तुला जिना चढवायला कोणीतरी हवं, आणि ज्याला कुणी शिक्का मारत नाही असा माझ्या ओळखीचा एकच माणूस आहे. शुक्रवारी तुला सोडतील तेव्हा हॉस्पिटलच्या दाराशी तो उभा असेल. हाकलायचा असेल तर हाकल, पण आधी जिना चढून घे.

थेल्मा

*

घेंट, २४ जून २०२४

थेल्मा,

ऑपरेशन झालं. जिवंत आहे.

तो आला. हातात फुलं नाहीत, काही नाही, एक रिकामी पिशवी. मी म्हटलं, "मी मेले तरी तुझा हात धरून चढणार नाही." तो माझ्या मागे एक पायरी खाली उभा राहिला. मी कठड्याला धरून सात पायऱ्या चढले, आठवीला गुडघा लटपटला आणि मागे कोणीतरी होतं, एवढंच. वर येऊन मी त्याला कुबडी फेकून मारली. त्यानं ती उचलून मला परत दिली.

तेव्हापासून रोज सकाळच्या गाडीनं येतो. कबुतरांना दाणा टाकून. रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून मला ते घट्ट पांढरे मोजे घालायला लागतात, मांडीपर्यंत. वाकता येत नाही, म्हणून ते दुसऱ्यानं चढवायचे. तर रोज सकाळी माझा घटस्फोटित नवरा माझ्यासमोर जमिनीवर बसून माझ्या पायात मोजे चढवतो आणि मी छताकडे बघत तुला शिव्या घालते. कोंबडीचं सूप करतो. चांगलं करतो. माझ्या घरात असताना त्याला गॅस पेटवता यायचा नाही.

आणि बोलतो, थेल्मा. पहिले चार दिवस गप्प होता. पाचव्या दिवशी मोजा गुडघ्यापर्यंत आला आणि म्हणाला, "थेल्माला वाऱ्याचा त्रास होतो, खिडकीला नवी पट्टी लावली." मग सुरूच झाला. थेल्मा चहात दूध आधी घालते. थेल्मा कबुतरांना नावानं हाक मारते. एकवीस वर्षांत माझ्याशी बोलला नाही तेवढं त्यानं एका मोज्यात तुझ्याबद्दल सांगितलं. तुला वाटेल मला मजा वाटली. नाही वाटली. त्या दिवशी मी सूप प्यायले नाही.

संध्याकाळी विचार केला. त्याच्यात बोलणं होतं तर. माझ्यासाठी नव्हतं, एवढंच. आणि खरं सांगायचं तर माझ्यातही त्याच्याजवळ गप्प बसणं नव्हतं. पण हे तुला लिहितेय म्हणजे मी तुला माफ केलं असं समजू नकोस.

गेल्या सोमवारी त्याला म्हटलं, "चल, मला नगरपालिकेत घेऊन. विचारू या, थेल्माला कायमचं कसं राहता येईल." चाकाच्या खुर्चीतून घेंटच्या दगडी रस्त्यावरून नेलं त्यानं मला. लोखंड अजून जागेवर आहे याचं डॉक्टरला श्रेय.

खिडकीत एक मुलगी, नाकात चमकी. मी म्हटलं, "माझ्या इंग्लंडच्या बहिणीला इथे राहायचंय. मी बेल्जियन आहे. काय करावं लागेल?"

"बहीण कुटुंबात धरत नाहीत, बाई."

"धरत नाहीत म्हणजे? एका आईच्या पोटातून आलो."

"असाल. पण नियमात नवरा, बायको, नोंदणी केलेला जोडीदार, लहान मुलं. बहीण नाही."

"म्हणजे तिच्यासाठी नवरा हवा? कसलाही चालेल?"

ती म्हणाली, "बेल्जियन हवा. आणि खरा हवा. खोट्या लग्नाची चौकशी होते."

मी मान वळवून मागे पाहिलं. फिरमिन खुर्चीची मूठ धरून उभा. कानापर्यंत लाल. मी त्या मुलीला म्हटलं, "याची चौकशी खुशाल करा. यानं आयुष्यात खोटं बोलायला लागतील तेवढेही शब्द खर्च केले नाहीत."

तेव्हा लग्न कर त्याच्याशी. वकील मी देते, घटस्फोटाचा कागद माझ्याकडे आहे, त्याला नक्कल काढायची गरज नाही. जुलैत ये. ऑस्टेंडला जा. माझ्याकडे यायची गरज नाही, मला आता एका कुबडीवर चालता येतं. तुझं तोंड बघायची माझी अजून तयारी नाही.

जॉयस

*

ऑस्टेंड, १९ जुलै २०२४

प्रिय जॉयस,

पत्ता बघ. पहिल्यांदाच खरा लिहिला.

गेल्या आठवड्यात आले. बंदरावर पुन्हा काचेसमोर. या वेळी पिकल्या केसांची, चष्म्यातून बघणारी बाई होती. पासपोर्ट चाळला, शिक्के मोजले, पुन्हा मोजले. मेमधला नकारही तिला दिसला असणार. 

"कशासाठी आलात?"

तू सांगितलं होतंस गंमत करायची नाही. मी म्हटलं, "लग्नाच्या कागदांसाठी."

"कुणाचं लग्न?"

"माझं."

तिनं चष्मा काढला. "अभिनंदन. नवरदेव कोण?"

आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं ना. म्हणून म्हटलं, "माझ्या बहिणीचा नवरा."

 मागच्या रांगेतलं कोणीतरी खोकलं. मग ती हळूच म्हणाली, "आणि बहिणीला हे चालतंय?"

मी म्हटलं, "तिनंच ठरवलं."

तिनं शिक्का मारला. जॉयस, मी पाच पावलं पुढे गेले आणि तिथेच बॅगेवर बसून रडायला लागले. एवढी वर्षं तू मला ओळखतेस, मी असल्या गोष्टींवर रडणारी नाही. ती बाई विचारत होती ते मी तुला कधी विचारलंच नव्हतं. तू ठरवलंस, पण तुला चालतंय का?

फिरमिननं मला मागणी घातली नाही. मी आत आले तेव्हा त्यानं लग्नाचे कागद स्वयंपाकघरात टेबलावर मांडून ठेवले होते, चारी कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवून, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. पेन मध्ये. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं. तारीख १४ सप्टेंबरची मिळालीय.

साक्षीदार लागतो. मी गॉडेलीव्हला विचारू शकते, पण ती चुकीच्या लग्नात सही करून येईल. मला तू हवीस. आणि सहीचं नंतर बघू, मला तुला आधी बघायचंय. तुझ्या दारात येऊन उभी राहायला मला भीती वाटते. म्हणून आधी लिहितेय.

थेल्मा

*

घेंट, २३ जुलै २०२४

थेल्मा,

एका गावातून दुसऱ्या गावात पत्र चार दिवसांत पोचलं. बघ, किती सोपं असतं.

चालतंय का म्हणून विचारतेस. काही दिवस चालतं, काही दिवस नाही. काल चाललं. आज सकाळी मोजा स्वतः चढवायचा प्रयत्न केला, चढला नाही, तेव्हा तुम्हा दोघांनाही शिव्या घातल्या. मग चढला.

त्याला मी भावजी म्हणणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. आणि लग्नात ती हिरवी टोपी घालायची नाही.

शनिवारी दहाच्या गाडीनं येतेय. डब्यातून उतरायला मला हात लागेल. स्टेशनवर त्याला पाठवू नकोस. तू ये.

जॉयस